अक्कानं कुठली खुर्ची सोडायची

नवरात्रातल्या आयुधपूजेला दोन्ही घरांनी आपापल्या धंद्यातली एकेक वस्तू शैलाअक्काच्या चेन्नईतल्या अड्यारच्या घरी आणायची आणि कोलूच्या, म्हणजे नवरात्रात बाहुल्या मांडतात त्या पायऱ्यांपुढं, बाहुल्यांच्या पायांशी ठेवायची, ही तिच्या वडिलांनी, अप्पांनी घालून दिलेली रीत. धाकटा भाऊ उमाकांत इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून एखादा साचा आणी. थोरला अरुण होता तोवर तो आपल्या आयातीच्या ऑफिसातले शिक्के आणी, आणि तो गेल्यापासून त्याचा मुलगा मंदार आणतो. यंदा काय बुद्धी फिरली देव जाणे, दोघांनीही ऑईल सील आणलं.

ऑईल सील म्हणजे इंजिनातलं तेल गळू नये म्हणून बसवतात ती काळी रबरी कडी. उमाकांतची कारखान्यात घडलेली, मंदारची बोटीतून आलेली. पितळी ताटात दोन्ही शेजारी ठेवल्यावर कुठली कुणाची ते अक्काला ओळखू येईना. तिनं दोन्हींना सारखंच चंदन-कुंकू लावलं आणि मनात म्हटलं, बाई, तूच काय ते ठरव. पण देवी कसली ठरवते! ठरवायचं होतं ते अक्कालाच, आणि त्या विचारानं नवरात्र बसल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

भानगड अशी होती. मंदार आणतो तसली सीलं बाहेरून इतक्या पडेल भावानं येऊ लागली होती, की ती जिथं बनतात तिथंही त्या भावानं मिळत नसावीत. उमाकांतनं कारखान्याची दुसरी पाळी बंद केली, तरी भागेना. शेवटी त्यानं दिल्लीला वाणिज्य मंत्रालयाचं दार ठोठावायचं ठरवलं. असला माल देशात ओतला जातो का, त्यानं इथला कारखानदार मरतो का, याची चौकशी करून जादा कर बसवण्याची शिफारस करणारं एक खातंच त्या मंत्रालयात आहे. या जातीची सीलं देशात बनवणारे मुळात मोजके, आणि त्यात मोठा उमाकांत. अर्ज तयार झाला, आणि वेंकटरमण वकिलांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या कंपनीत निर्णायक मत कुणाचं?"

"माझ्या अक्काचें," उमाकांत छाती काढून म्हणाला.

"आणि तो माल आणणाऱ्या तुमच्या पुतण्याच्या कंपनीत?"

"तेथेंही अक्काचेंच!"

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला म्हणे. नियम असा, की जो स्वतःच तो माल आणतो, किंवा माल आणणाऱ्याशी ज्याच्या कंपनीचा कासरा एकाच हातात आहे, त्याला खातं इथला कारखानदार म्हणून मोजायचं नाकारू शकतं. उमाकांतला वगळलं तर अर्जात उरतं काय? तेव्हा अर्ज द्यायच्या आधी अक्कानं दोहोंतली एक खुर्ची सोडायची. आणि सोडायची म्हणजे खरोखर सोडायची.

आता हा कासरा अक्काच्या हाती आला कसा, तर तीही अप्पांचीच करणी. वाटणी करताना त्यांनी अरुणला व्यापार दिला, उमाकांतला कारखाना दिला, आणि दोन्हींकडं लहानसा पण नेमका काटा फिरवणारा हिस्सा मुलीच्या नावे ठेवला. म्हणाले, भाऊ भांडतील, बहीण सोडवील. दोन्ही सुनांनी तेव्हा नाकं मुरडली होती. पण म्हातारा तंजावरच्या पाण्यावर वाढलेला, त्याला माणसं कळत. एवढ्या वर्षांत भावांत एकदाही कोर्टाची पायरी चढायची वेळ आली नाही, आणि ज्या व्यवस्थेनं घर बांधून ठेवलं तीच आता खात्याच्या डोळ्यांवर येणार होती.

पूजा आटोपली तसा उमाकांत सोफ्याच्या कडेवर येऊन बसला. वय चौसष्ट, पण अक्कासमोर अजून कडेवरच बसायचा. त्यानं पिशवीतून एक कागद काढला.

"अक्का, वकिलांनीं लिहून दिलें आहे. मंदारच्या कंपनीचें संचालकपद सोडतें, हिस्साही त्यासच देऊन टाकतें, म्हणून. एक सही केलीस कीं झालें."

मंदार समोरच्या खुर्चीत फोन बघत होता. तो वर बघेना. त्याची बायको अदिती, सांगलीची, आयटीतली, केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चुरमुरे वाटत होती, तिचा हात तेवढा थांबला.

"आज?" अक्काचा नवरा राममूर्ती झोपाळ्यावरून म्हणाला. "पेन कोठें आहे तुझें?"

"हें काय." उमाकांतनं खिसा चाचपला. खिसा रिकामा होता. पेन कोलूपुढं होतं. सगळ्यांचीच होती, पुस्तकांच्या चळतीवर ओळीनं मांडलेली, चंदन लावलेली. सरस्वतीपूजेला ठेवलेलं पेन उद्या विजयादशमीला देवीला विचारूनच उचलायचं, तोवर घरात अक्षर काढायचं नाही.

"अय्यो," उमाकांत म्हणाला. "विसरलोंच कीं."

"इतका मोठा कारखानदार, आणि सरस्वतीपूजेस सही मागतो!" राममूर्तींना भारी गंमत वाटली. "जा, पान मांडावयास सांग. उद्यांपर्यंत कोणाचा जीव जात नाहीं."

उमाकांतनं कागद घडी घालून परत पिशवीत ठेवला. मंदारनं श्वास सोडला, तो अक्कानं ऐकला.

जेवायला दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाची डांगर पचडी होती, आणि विषय अर्थातच तोच होता. राममूर्तींनी सबंध नोकरी वाणिज्य मंत्रालयाच्या चेन्नईतल्या आयात-निर्यात कार्यालयात काढलेली. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी 'आमचें खातें' म्हटलं की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

"माझ्या वेळीं आमच्या दारांत रांग असे, ती माल आणावयाची परवानगी द्या म्हणून," ते भातावर सांबार ओतत म्हणाले. "आतां रांग कसली, तर माल थांबवा म्हणून! खातें तेंच. लोक मात्र उलटे उभे राहिले."

"भावजी, कामाचें बोला. कर बसेल कीं नाहीं?"

"खातें आधीं तीन गोष्टी विचारतें. माल पडेल भावानें आला कां? इथल्यास मार बसला कां? आणि बसला तो त्या मालामुळेंच बसला, कां तुझ्या आळसामुळें?"

"माझा आळस?"

"मी नव्हें बाबा. खातें विचारील. तुझे हिशेब तपासतील, कारखान्यांत येऊन यंत्रें पाहतील. मग सुनावणी. मोटारी बनविणारे येतील, म्हणतील स्वस्त सील आम्हांस बरें. त्यांचेंही ऐकतील. मंदारचेंही ऐकतील. खातें बाजू घेत नाहीं, ऐकून घेतें."

"आणि ऐकून झाल्यावर कर लावतात," उमाकांतची मुलगी रुचा म्हणाली. कारखान्याचं उत्पादन आता तीच बघायची.

"कोठलें! शिफारस करतात. कर लावणें अर्थखात्याच्या हातीं. आमचें वाणिज्य स्वयंपाक करतें, वाढावयाचें कीं नाहीं तें अर्थखातें ठरवितें."

रुचा हसली, पण लगेच गंभीर झाली. "मामा, वाढेपर्यंत आमच्याकडे जेवायला कुणी उरणार नाही. पोंगलपर्यंत काही झालं नाही ना, तर मोल्डिंगची लाईनच बंद करावी लागेल. सीरियसली. काल मी फ्लोअरवर पूजेचा भोपळा फोडला, तर सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते."

मग अदिती हळूच म्हणाली, "काका, एक विचारू? कर बसला तर आमचं काय होणार, ते पण कुणी बघतं का?"

उमाकांतनं घास खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता, नुसता घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस आवाज चढवतो. "तुमचें काय व्हावयाचें आहे? सील नाहीं तर आणखी काहीं आणाल! बोटींतून काय वाटेल तें येतें. मी इरुंगाट्टुकोट्टैहून यंत्रें उचलून कोठें नेऊं?"

"काका," मंदार पहिल्यांदाच बोलला, "मी तुमच्या आड येणार नाही. पण खात्याची प्रश्नावली मलाही येणार. त्यात विचारणार, तुमच्या कंपनीत मत कुणाचं चालतं. तेव्हा मी खोटं लिहिणार नाही. एवढंच आधी सांगतो."

"खोटें लिही म्हणून कोणी सांगितलें?"

"कुणी नाही. म्हणून तर सांगतो आहे."

"पचडी घ्या," अक्का म्हणाली. या घरात भांडण तोंडाशी आलं की तिचं हे ठरलेलं होतं, आणि ते ऐकून सगळे मुकाट्यानं पचडी घ्यायचे. आजही घेतली.

जेवणानंतर पुरुष मंडळी आडवी झाली. अक्का स्वयंपाकघरात संध्याकाळच्या प्रसादाच्या सुंदलासाठी चणे उकडायला ठेवत होती, तोच रुचा आत आली आणि दार लोटून घेतलं.

"अत्या, तू आमचीच कंपनी सोड."

अक्काच्या हातातलं झाकण तिथंच राहिलं. "काय म्हणालीस?"

"मंदारची सोडू नकोस, आमची सोड. बाबांना सांगू नको मी म्हटलं म्हणून. बघ, मी एखादी गोष्ट सुचवली की ते म्हणतात, अक्कास विचारूं. मशीन घ्यायचं, अक्कास विचारूं. कुणाला काढायचं, अक्कास विचारूं. माझं म्हणणं त्यांच्या कानात शिरतच नाही. तू नसलीस तर लॉजिकली त्यांना मलाच विचारावं लागेल."

"म्हणजे मीच तुझ्या वाटेंत उभी आहें तर."

"तसं नाही ग!" रुचानं तिला मागून मिठी मारली. "तू आहेस म्हणून ते आहेत. पण मग मी कधी?"

अक्काला राग यायला हवा होता, पण आला नाही. हिच्याच वयाची असताना अप्पांच्या ऑफिसात कोपऱ्यात बसून तीही हाच प्रश्न मनात घोळवायची, फक्त तिला तो विचारायचं धाडस झालं नव्हतं. ती म्हणाली, "जा, नारळ खोव," आणि रुचा नारळ घेऊन मागच्या गच्चीत गेली.

तेवढ्यात अदिती भांडी आवरायला आली. तिनंही इकडंतिकडं बघितलं, आणि आवाज खाली आणला.

"आत्या, रागावू नका. मला वाटतं तुम्ही आमचीच कंपनी सोडावी. काकांनी आणलाय त्याच कागदावर सही करा."

अक्का आता हसायलाच लागली. "तूंही?"

"म्हणजे?"

"कांहीं नाहीं. तुझें कारण सांग."

"मंदार तुम्हाला कधी नाही म्हणणार नाही, पण त्याला ही सीलं आणायला आता बरं वाटत नाही. दुसरं काही करायचं तर हिंमत लागते, आणि तुम्ही पाठीशी आहात तोवर त्याला ती गोळा करावीच लागत नाही. आणि खरं सांगू? सुनावणीत तुम्ही आमच्या बाजूला बसलात आणि समोर काका, तर ते मला बघवणार नाही. आमच्या सांगलीत भाऊबीजेला बहीण भावाला ओवाळते, समोर बसून जाब विचारत नाही."

"तुझ्या सांगलींतल्या बहिणींस निर्णायक मत कोठें असतें?" अक्का म्हणाली. दोघी हसल्या खऱ्या, पण अदितीचे डोळे भरून आले होते, आणि तिनं ते कांदा चिरतो आहोत असं दाखवत पुसले. कांदा तिथं नव्हताच.

ती गेल्यावर अक्का ओट्याला टेकून उभी राहिली. काय गंमत आहे बघा. दोन घरांतल्या दोन शहाण्या पोरी, आणि दोघींनी आपापल्या घरातून तिला प्रेमानं बाहेरचा रस्ता दाखवला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती. महिन्यातून एकदा इरुंगाट्टुकोट्टैला जायचं, उमाकांतच्या बायकोच्या हातची कॉफी प्यायची, मशीनच्या आवाजात दोन तास भांडायचं. महिन्यातून एकदा बंदराजवळच्या मंदारच्या ऑफिसात जायचं. तिला मूलबाळ नव्हतं. या दोन खुर्च्यांवर बसूनच तिचा संसार मोठा झाला होता, आणि कुठलीही एक गेली की तो अर्धा होणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

मंदार तिला कोलूच्या खोलीत सापडला. पायऱ्यांवरच्या दिव्यांची माळ लागत नव्हती म्हणून तो खाली बसून वायर बघत होता. चाळिशीला आला, पण असा मांडी घालून बसला की शाळेतला दिसायचा. शाळेत असतानाच त्याची आई गेली, आणि नंतर बरीच वर्षं गणिताचा अभ्यास याच खोलीत या अत्याकडं झाला.

"बैस, उठूं नको," अक्का म्हणाली आणि शेजारच्या पाटावर बसली. "तुज काय पाहिजे, तें तूं एकट्यानेंच सांगितलें नाहींस."

"सांगण्यासारखं काही नाही, अत्या. तू आमची सोड. काकांच्या कारखान्यात एवढी माणसं आहेत. माझ्याकडं काय, चार टेबलं आणि गोदाम. कर बसला तर मी सीलं सोडून दुसरं काही बघेन. वेळ लागेल, पण बघेन."

"तें वकिलास सांग. मज खरें सांग."

मंदार वायरशी खेळत राहिला. मग म्हणाला, "तू येतेस त्या दिवशी ऑफिसात कुणीतरी विचारतं, जेवलास का म्हणून. बाकीच्या दिवशी सगळे विचारतात, कंटेनर सुटला का."

"घरीं अदिती विचारीत नाहीं?"

"ती विचारते. ते घरी. ऑफिसात बाबांच्या टेबलाशी बसल्यावर ते कुणी विचारलं की वेगळं वाटतं." त्यानं प्लग पुन्हा खोचला आणि माळ लागली. "पण हे कारण नाही झालं. हे तू मनात धरू नकोस."

अक्कानं त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि उठली. ते तिनं मनात धरलं होतं.

संध्याकाळी अपार्टमेंटमधल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. गाणी झाली, सुंदलाची पुडकी वाटली, खालच्या मजल्यावरच्या श्रीरंजनीनं सूर सोडून लांबलचक कीर्तन म्हटलं आणि सगळ्यांनी ते मायेनं सहन केलं. शेवटची बाई गेली तसं अक्कानं दार लावलं, पदर खोचला आणि सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं.

"उद्यां सही करीन," ती म्हणाली. "पण कशावर, तें आजच सांगतें. उमाकांत, तुझ्या पिशवींतला तो कागद नको. वकिलांस दुसरा लिहावयास सांग. मी तुझी कंपनी सोडतें. तेथला माझा हिस्सा रुचाच्या नांवें. मंदारकडे राहतें."

खोलीत झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरली, मग राममूर्तींनी पाय टेकवून तीही थांबवली. रुचाचं तोंड उघडंच राहिलं. मागितलेलं मिळाल्यावर माणूस किती घाबरतो, ते तिच्याकडं बघून कळत होतं. अदितीनं मंदारकडं पाहिलं. मंदार म्हणाला, "अत्या, नको," पण इतक्या बारीक आवाजात की कुणी मनावर घेतलं नाही.

उमाकांतचा चेहरा लाल झाला होता. "मजकडून काय चुकलें?"

"कांहीं चुकलें नाहीं."

"मग? कायद्यास दोन्हींकडून सारखेंच. अर्जास कांहीं बाध नाहीं. बरोबर ना, भावजी?"

"खरोखर सोडली, मागून दोरी ओढली नाहीं, तर खात्यास कोणती सोडली त्याच्याशीं कर्तव्य नाहीं," राममूर्ती म्हणाले. बायको काय करणार हे त्यांना दुपारीच कळलं असावं, कारण त्यांनी एकही विनोद केला नाही.

"म्हणजे खात्यासाठीं नव्हें. ही तुझी निवड." उमाकांत उठला. "तुझा भाऊ मी आहें. दिल्लीस मी अर्ज करणार, आणि तूं समोरच्या बाजूस बसणार. सरी, ठीक आहे. बैस." आणि तो बाल्कनीत गेला.

रुचा उठू लागली. अक्कानं तिला हातानंच बसवलं आणि स्वतः गेली.

खाली रस्त्यावर रिक्षांना केळीचे कोंब बांधले होते, झेंडूच्या माळा लटकत होत्या. उमाकांत कठड्याला दोन्ही हात टेकून उभा होता. लहानपणी रुसला की तो असाच पाठ करून उभा राही, आणि अक्का कधी गुळाचा खडा घेऊन येई, कधी नुसतीच येई. आज नुसतीच आली.

"तुझ्या घरीं यावयास मज खुर्ची लागत नाहीं, उमा," ती म्हणाली. "उद्यां सकाळीं न विचारतां येईन, कॉफी मागेन, तुझी बायको देईल. नाहीं दिली तर मी तिच्या हातून भांडें ओढून घेईन. तुजकडे माझें घर आहे. मंदारकडे माझी नुसती खुर्ची आहे. ती सोडली तर मी त्याजकडे काय म्हणून जाऊं?"

उमाकांत पाठ करूनच उभा होता.

"आणि तूं त्याच्या धंद्याविरुद्ध खात्याकडे जातो आहेस. जा. तुझें म्हणणें खरें आहे असें मजही वाटतें. कारखाना वांचला पाहिजे. पण घरांतला एक मोठा माणूस त्याच्या विरुद्ध उभा राहिला, तर दुसरा कोणी त्याच्या बाजूस नको?"

"तो चाळिशीचा आहे, अक्का."

"त्यास बाप नाहीं."

हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की तिलाच त्याचा धक्का बसला. अरुण गेल्यापासून तिघं बहीणभाऊ दोघं झाले, ही गोष्ट दोघांनी आजवर एकमेकांपाशी कधी काढलीच नव्हती. उमाकांतनं कठड्यावरचा एक हात उचलून डोळ्यांवरून फिरवला. तो रडत होता, आणि लपवायचा प्रयत्नही त्यानं फारसा केला नाही.

"मी अरुणअण्णाच्या मुलाविरुद्ध जातों, असें मनांतही आलें नव्हतें माझ्या," तो म्हणाला. "बोटींतून येणाऱ्या मालाविरुद्ध जातों, एवढेंच डोक्यांत होतें."

"मज ठाऊक आहे. नसतें तर मी तुजशीं असें बोललें असतें कां?"

"आणि माझ्या मीटिंगा? तुजवांचून मी एकही चालविली नाहीं. मज भीति वाटते."

"रुचा आहे. तिचें ऐक. ती तुझ्याहून बरी ओरडते."

उमाकांतला हसू आलं, आणि त्या हसण्यात त्याचा खोकला मिसळला. आतून अदिती आणि रुचा कुजबुजत्या आवाजात काहीतरी बोलत होत्या, मध्येच मंदारचा आवाज येत होता, आणि कुणीतरी जेवायची पानं मांडत असल्याचं ऐकू येत होतं.

"सुनावणी दिल्लीस झाली," उमाकांत शेवटी म्हणाला, "तर तूं मंदारच्या बाजूनें येशील?"

"येईन. विचारतील तें खरें तें सांगेन. तुज लागेल असें असलें तरी सांगेन."

"सांग." त्यानं नाक पुसलं. "पण दिल्लीस एकटी जाऊं नको. तेथें तुज थंडी बाधते. आपण बरोबर जाऊं. तूं, मी, मंदार. त्या खोलीच्या दारापर्यंत बरोबर. आंत गेल्यावर तूं तुझ्या बाजूस बैस, मी माझ्या."

अक्कानं त्याचा दंड घट्ट धरला, चौसष्ट वर्षांचा तो जाड दंड, आणि म्हणाली, "आणि बाहेर आल्यावर?"

"बाहेर आल्यावर तिघांनीं जेवावयास जावयाचें," उमाकांत म्हणाला. "कोणी कांहींही सांगितलेलें असो."